पिटुनियाची रोपं मुंगीएवढी आहेत आणि माना टाकतायत, आत्ता हलवू की थांबू?

सिंहगडरोडवाली:
नमस्कार मंडळी. दरवर्षी जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायचं, येताना फुललेल्या दोन-चार कुंड्या उचलायच्या आणि होळीच्या आत त्यांची काटकं फेकायची, याचा कंटाळा आला म्हणून यंदा सिझनल फुलं बियांपासून करायचं मनावर घेतलंय. दसऱ्याच्या सुमाराला पिटुनिया, पॅन्झी, डॉग फ्लॉवर आणि साल्व्हिया अशी चार पाकिटं आणून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये पेरली.

आता परिस्थिती अशी आहे की साल्व्हिया झकास उगवलाय, डॉग फ्लॉवर बरा आहे, पॅन्झीचं एकही बी उगवलेलं नाही आणि पिटुनिया भसाभस उगवला पण देठ लांबच लांब, पांढुरके, सगळे खिडकीकडे वाकलेले. शिवाय एका कोपऱ्यातली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतायत, वरची पानं हिरवीच असतात पण देठ खालून गेलेला असतो, आणि तो कोपरा रोज वाढतोय.

माहिती म्हणून सांगते, पाचवा मजला, बाल्कनी पूर्वेची पण पारव्यांमुळे तिथे काही ठेवायची सोय नाही म्हणून ट्रे हॉलच्या खिडकीत आतल्या बाजूला आहे, वर अजून प्लॅस्टिक आहे, सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी मारते. ही एवढीशी रोपं हलवायची कधी आणि धरायची कशी? बोटात धरली की दिसतच नाहीत. सासूबाईंचं मत आहे की हा पसारा टाकून दे आणि नर्सरीतून तयार आण. कृपया लवकर सांगा.

झारीवाले काका:
ताई, हे वाचत असाल तर आधी उठा आणि ते प्लॅस्टिक काढा. मग पुढचं वाचा.

काढलंत? आता ऐका. प्लॅस्टिक फक्त बी फुटेपर्यंत. निम्मं बी वर आलेलं दिसलं की त्याच दिवशी काढायचं. त्यानंतर आत कोंडून राहते ती दमट हवा, आणि रोपं कोलमडायला तेवढी पुरते. वर तुम्ही दोन वेळा स्प्रे मारताय, म्हणजे पृष्ठभाग कधी वाळतच नाही.

देठ लांबलेत कारण उजेड कमी. हॉलच्या खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. उगवल्या दिवसापासून त्यांना मोकळं आभाळ दिसलं पाहिजे आणि सकाळचं कोवळं ऊन लागलं पाहिजे. तुमच्याकडे ड्राय बाल्कनी असेलच, तिचं तोंड कुठे आहे? दक्षिणेला असेल तर वॉशिंग मशीनवर ट्रे ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात पुण्यात भर दुपारी तो जेमतेम ४८ अंशावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत शिरतं. उन्हाळ्यात तीच बाल्कनी सावलीत असते म्हणून लोकांना वाटतं तिथे ऊनच नाही. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र हिवाळ्यात सिझनलचा नाद करू नये, तिथे फर्न लावावेत आणि गप्प बसावं.

पॅन्झी का उगवला नाही ते सांगतो. दोन कारणं. एक, ऑक्टोबर हीट. पॅन्झीला उगवायला १८ ते २० अंश लागतात आणि दसऱ्याला आपल्याकडे दुपारी सहज ३० च्या वर असतं. दोन, तुम्ही बहुतेक सगळी बियाणी एकाच पद्धतीने पेरलीत. पिटुनिया, डॉग फ्लॉवर, साल्व्हिया यांना उगवायला उजेड लागतो, ती नुसती वर भुरभुरायची, झाकायची नाहीत. पॅन्झी, फ्लॉक्स, व्हर्बिना, कॅलेंड्युला यांना अंधार लागतो, त्यांच्यावर कोकोपीटचा पातळ थर हवाच. पाकिटावर हे असतं, पण अक्षर पिटुनियाच्या बीएवढंच असतं.

पाकिटात बी उरलं असेल तर दिवाळी झाल्यावर रात्री गार पडायला लागल्या की पुन्हा पेरा, झाका, आणि ट्रे घरातल्या सगळ्यात गार अंधाऱ्या जागी ठेवा. आमच्याकडे ती जागा माठाच्या तिवईखाली आहे. रोज डोकावायचं मात्र, पहिलं रोप दिसलं की लगेच उजेडात आणायचं, एक दिवस उशीर केला तरी तीच लांब मानेची गत.

निंबोळी:
काकांशी सहमत, फक्त कोपऱ्यातल्या मरीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तो भाग घाईचा आहे.

हे डॅम्पिंग ऑफ, आपल्याकडे शेतकरी रोपं कोलमडणे किंवा नुसतं मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया या जमिनीतल्या बुरशा, खरं म्हणजे पिथियम काटेकोर अर्थाने बुरशीही नाही पण ते असो, ओल आणि गर्दी मिळाली की देठ जमिनीलगत कुजवतात. पडलेलं रोप परत उठत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. त्या कोपऱ्यातली पडलेली आणि त्यांच्या भोवतालची दोन बोटं रुंदीची चांगली दिसणारी रोपंसुद्धा खालच्या कोकोपीटसकट चमच्याने उचला आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या डब्यात नको. जीव तुटतो पण बाकीचा ट्रे वाचतो.

मग कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम मिसळून उरलेल्या ट्रेला एकदा हलकं ड्रेंचिंग, म्हणजे वरून मुळाशी मुरेल एवढं. रासायनिक नको असेल तर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पण ते खरं पेरायच्या आधी कोकोपीटमध्ये मिसळायचं असतं, लागण झाल्यावर त्याच्यावर विसंबू नका. दोन्ही एकदम तर अजिबात नाही, औषधाने ट्रायकोडर्माच मरायचा. नंतर हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा.

आता कोणीतरी येऊन दालचिनीची पूड भुरभुरा म्हणून सांगेलच. दालचिनीत बुरशीला रोखणारे घटक आहेत हे खरं, पण ट्रे ओलाकच्च ठेवून वर दालचिनी टाकली तर घराला बेकरीचा वास येतो, बाकी फार काही होत नाही.

पाणी खालून द्या. ट्रे परातीत ठेवायचा, परातीत बोटभर पाणी, वरचा थर गडद दिसायला लागला की उचलायचा आणि निथळू द्यायचा. परत पाणी कधी, तर वरचा कोकोपीट फिकट तांबूस झाला आणि ट्रे उचलल्यावर हलका लागला की. घड्याळ लावून सकाळ-संध्याकाळ नाही. थोडा वेळ पंख्याची हवा लागू द्या, लांबून, त्याने पृष्ठभाग वाळतो आणि देठही जरा चिवट होतात.

रेडीमेड:
मी सासूबाईंच्या पार्टीत. सोलापूर रोडला हडपसरच्या पुढे गेलात की दोन्ही बाजूंनी नर्सऱ्याच नर्सऱ्या, प्रो-ट्रेमधली (रोपांचा खणाखणांचा प्लॅस्टिक ट्रे) हाताच्या बोटाएवढी तयार रोपं मिळतात, कॉफीच्या पैशात बाल्कनी भरते. हा मुंग्यांचा सांभाळ कोणी सांगितलाय? फक्त फुललेलं रोप उचलू नका, फुलं बघून आपण भुलतो आणि घरी आणल्यावर कळतं की मुळं पिशवीत गोल गोल गच्च झालीयत. हिरवं, बुटकं, फांद्या फुटलेलं घ्या.

झारीवाले काका:
घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण तिथे तुम्हाला नर्सरीवाल्याने जो रंग लावला तोच मिळणार. मला गर्द जांभळा पिटुनिया हवा असतो आणि उंच डॉग फ्लॉवर हवा असतो, तो कुंडीवाला ठेंगू नाही, फुलदाणीत ठेवता येईल असा उंच. तो बी पेरल्याशिवाय मिळत नाही. आणि एक ग्रॅममध्ये पिटुनियाचं साधारण १०,००० बी बसतं, त्यातलं चिमूटभर पेरलं तरी अख्ख्या सोसायटीला वाटता येतात.

चिमटी:
हलवायचं कसं हा मूळ प्रश्न राहिलाच की. मी लिहिते, थोडं लांब होईल.

उगवल्यावर जी पहिली दोन पानं दिसतात ती खरी पानं नव्हेत, ती बियातलीच दलं. त्यांच्या मधून पुढची जोडी निघते ती खरी. खऱ्या पानांची पहिली जोडी नीट उघडली आणि दुसरी डोकावायला लागली की हलवायचं. त्याच्या आधी मुळं धरलेली नसतात, फार नंतर गेलात तर शेजारच्यांची मुळं एकमेकांत गुंततात आणि सोडवताना तुटतात. पिटुनियाला या अवस्थेला यायला वेळ लागतो, सुरुवातीला जागचा हलत नाही असं वाटतं, मग एकदम सुटतो. तुमचा साल्व्हिया बहुतेक आत्ताच तयार असेल, त्याच्यावर आधी हात बसवा, रोप मोठं असतं आणि दणकट असतं.

जागा तयार ठेवा आधी. प्रो-ट्रे किंवा चहाचे कागदी कप, बुडाला भोक पाडून. आत धुतलेला कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, तीनास एक. कोकोपीटची वीट साध्या पाण्यात फुगवून दोन-तीनदा धुवून पिळून घ्या, बऱ्याच विटांमध्ये खार असतो, तो गेला पाहिजे. आपली काळी माती कपात अजिबात नको, ओली झाली की चिकट आणि वाळली की वीट.

हलवायच्या तासभर आधी ट्रे परातीत ठेवून ओला करून घ्या. ऊन उतरल्यावर, पाच-साडेपाचनंतर बसायचं, चष्मा लावून, खाली पांढरा कागद घेऊन. आता आईस्क्रीमची काडी किंवा टूथपिक रोपाच्या शेजारून तिरकी खाली घालायची आणि कोकोपीटसकट चार-पाच रोपांचा गठ्ठा वर उचलायचा. तो कागदावर हलकेच टाकला की आपोआप सुटतो. मग एक रोप घ्यायचं, पण धरायचं ते पानाला, त्या खालच्या दलाला, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं. देठ एवढा कोवळा असतो की दोन बोटांत जरा दाबला गेला तरी आतल्या नळ्या चिरडतात, त्या वेळी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी रोप मलूल.

कपात पेन्सिलने भोक पाडा, मूळ सरळ खाली जाईल एवढं खोल. मूळ वर दुमडून राहिलं तर रोप जगतं पण वाढत नाही, म्हणून भोक मोठंच ठेवावं. लांबलेला पिटुनिया दलांपर्यंत आत घालायचा, लांब देठ सगळा मातीत गेला तरी चालतं, उलट तो आधाराला होतो. पॅन्झीला हे नाही हं चालत, त्याचा मधला कोंब मातीच्या वरच राहिला पाहिजे नाहीतर कुजतो. मग अंगठ्याने वरून दाबू नका, टूथपिकने बाजूची माती मुळाकडे ढकला. पाणी खालून, किंवा बारीक चाळणीच्या झारीने धार आधी बाहेर सुरू करून मग कपांवरून फिरवायची म्हणजे पहिला जाड थेंब रोपावर पडत नाही.

दोन-तीन दिवस उजेडातल्या सावलीत, मग सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण. पहिल्या दिवशी सगळी मान टाकतात, घाबरून परत पाणी घालू नका. सकाळपर्यंत उठतात.

कोकोपीटमध्ये पोषण नसतं आणि गांडूळखत थोडंसंच आहे, त्यामुळे हलवल्यावर आठवड्याने १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) लिटरला अर्धा ग्रॅम, पुढे एक ग्रॅमपर्यंत. पाच-सहा पानं झाली की पिटुनिया आणि डॉग फ्लॉवरचा शेंडा खुडा. हे कोणालाच करवत नाही, पण खुडलं नाही तर एकच काडी वर जाते आणि टोकाला दोन फुलं येतात. कपाच्या बुडातून मुळं दिसली की कुंडीत, आठ इंचीत एक, बारा इंचीत तीन.

आणि पुढच्या वेळी पिटुनिया पेरताना बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरा म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. हायब्रिडच्या काही पाकिटांत लेप दिलेल्या गोळ्या येतात, त्या एकेक ठेवता येतात, फक्त लेप पूर्ण विरघळेपर्यंत ओल कमी पडू देऊ नका. अर्धवट विरघळून वाळली की बी आतल्या आत जातं.

बोअरचं पाणी:
एक मुद्दा कोणी घेतला नाही. ताई, तुमच्याकडे पाणी कुठलं, कॉर्पोरेशनचं की बोअर-टँकर? कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी असेल तर प्रश्न नाही. पण बोअरचं जड पाणी पिटुनियाला मानवत नाही, सामू (पीएच) वाढला की त्याला लोह उचलता येत नाही आणि शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक नायट्रोजन कमी पडला म्हणून युरिया घालतात आणि आणखी बिघडवतात. नायट्रोजनची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते, लोहाची वरच्या नव्या पानांपासून, एवढं बघितलं तरी कळतं. चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल असं लोह, मिळतं, अर्धा ग्रॅम लिटरला फवारायचं. आमच्या सोसायटीत मार्चनंतर टँकरच असतात म्हणून मी आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचं बंद केलं, ते तर साध्यापेक्षाही खारट असतं, फरशी पुसायला वापरा.

गोंडा:
हे सगळं वाचून नवीन माणूस पळून जाईल हो! ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं वाळवून ठेवायची, पाकळ्या उपटल्या की खाली काळ्या काड्या निघतात तेच बी, कुंडीत पसरायचं, वर बोटभर नको, अगदी पातळ माती, चार-पाच दिवसांत उगवतं. मार्केट यार्डात येणारा झेंडू बहुतेक हायब्रिड असतो त्यामुळे पोरं आईबापासारखी निघतीलच असं नाही, कोणी बुटका, कोणी एकेरी पाकळ्यांचा, पण फुलतो हमखास. झिनिया पण तसाच सोपा. तेरडा मात्र पावसाळ्यात.

चिमटी:
बरोबर, आणि काही तर हलवूच नयेत. पॉपी, लार्कस्पर, नॅस्टर्शियम, स्वीट पी यांना मुळाला धक्का सोसत नाही, थेट कुंडीत पेरायचे. स्वीट पी रात्रभर भिजवून. कॉसमॉसही थेटच, पण त्याचं उरलेलं बी फिरायला जाताना टेकडीवर उधळायची हौस कोणी करू नका प्लीज, ते मूळचं मेक्सिकोचं, एकदा पसरलं की आपल्या गवतांना जागा ठेवत नाही.

सिंहगडरोडवाली:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू! प्लॅस्टिक काढलं, कोपरा चमच्याने उचलून टाकला (खरंच जीव तुटला), औषध घातलं आणि ट्रे ड्राय बाल्कनीत गेला, दक्षिणेचीच निघाली. मर तिथेच थांबली. पाणी कॉर्पोरेशनचं आहे. काल संध्याकाळी साल्व्हिया कपात हलवला, सासूबाई आधी लांबून बघत होत्या मग स्वतःच टूथपिक घेऊन बसल्या आणि त्यांची रोपं माझ्यापेक्षा सरळ उभी आहेत. पिटुनियाला अजून खरी पानं फुटायचीयत, थांबते.

आता शेवटचा प्रश्न, कपातून कुंडीत गेल्यावर ही सगळी पूर्वेच्या बाल्कनीत न्यावी लागणार, तिथे पारवे कुंड्या उकरतात आणि त्यातच बसतात. त्याचं काय? आणि आत्ता पेरलेलं प्रदर्शनापर्यंत फुलेल का?

झारीवाले काका:
पिटुनियाला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे दसऱ्याचं बी संक्रांतीच्या मागेपुढे. प्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास असतं, तोवर तुमचीही फुललेली असतील. साल्व्हिया त्याच्या आधी. दिवाळीनंतर पेरलेला पॅन्झी फेब्रुवारीत, आणि मार्चच्या मध्याला ऊन तापलं की तो संपणार, त्याला इलाज नाही.

निंबोळी:
पारव्यांना सीडी-बिडी लटकवून काही होत नाही, चार दिवसांत ते त्या सीडीशेजारीच बसतात. पूर्ण बाल्कनीला जाळी लावणं हा खरा उपाय. ती होत नसेल तर कुंडीतल्या उघड्या मातीवर झाडूचे हीर उभे टोचा, तीन-तीन बोटांवर, टोकं वर, म्हणजे त्यांना बसायला सपाट जागाच राहत नाही. पिटुनिया पसरून माती झाकली की काढून टाका.

रेडीमेड:
हीर कुठून आणायचे, घरात सगळीकडे प्लॅस्टिकचे झाडू आलेत.

निंबोळी:
मंडईत खराटा मिळतो. किंवा सासूबाईंना विचारा, त्यांच्याकडे नक्की असेल.